फोडायची देवी

"हलू नकोस," बाबा म्हणाले, "आणि आत्ता माझ्याकडे बघतेयस ना, तशीच बघत राहा."

"कशी बघतेय?"

"बोलू नकोस. बोललीस की नाकपुडी खाली येते."

बाबांच्या कारखान्यातल्या न्हाव्याच्या जुन्या खुर्चीत मी बसले होते. गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कागद, केस फडक्यात घट्ट बांधलेले, भुवयांवर आणि पापण्यांवर व्हॅसलिनचा थर. बाबांच्या हातातल्या पातेल्यात गुलाबी लगदा होता. दातांचे डॉक्टर साचा घ्यायला तोंडात भरतात, तोच. पाकिटावरची बारीक अक्षरं मी दोनदा वाचली होती. मी अंगावर पाजते, आणि माझ्या कातडीला लागलेलं काय काय सात महिन्यांच्या मुलीपर्यंत, ठमीपर्यंत, पोचतं हे मला कळायला हवं होतं. त्याबद्दल पाकिटावर अक्षर नव्हतं. पाकिटं लिहिणाऱ्यांना मुलं होत नसावीत.

"आता डोळे मिट," बाबा म्हणाले. "पण बघणं चालू ठेव."

माझे वडील सिनेमांसाठी फुटणाऱ्या वस्तू बनवतात. खलनायकाच्या टाळक्यात बसणारी बाटली, नायक ज्यातून आरपार जातो ती भिंत, भांडणात आपटायची फुलदाणी, भूकंपात कोसळायचे खांब. स्टुडिओच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट शेड आहे. तिला सगळे कारखाना म्हणतात आणि बाबांना फुटकेकाका. एकतीस वर्षांत एकाही नटाला खरचटलं नाही, हे बाबा सांगतात, तेही कोणी विचारलं तरच. कोणी विचारत नाही.

मी लहानपणापासून या कामाकडे जरा वरूनच बघत आले. माझ्या मैत्रिणीचे वडील सुतार होते. त्यांनी केलेलं कपाट आजही तिच्या घरात आहे. दार कुरकुरतं, पण उभं आहे. आमच्या घरात बाबांच्या हातचं काही म्हणता काही नाही. एकतीस वर्षं राबून ज्या माणसाची एक वाटीसुद्धा शिल्लक नाही, त्याच्याविषयी मुलीने काय वाटून घ्यावं? शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'मूर्तिकार' असं लिहीत असे. ते खोटं होतं. मूर्तिकाराच्या मूर्ती राहतात.

आता बाबांना खरोखरच मूर्ती करायला मिळाली होती. फोडायलाच, पण मूर्ती.

सिनेमा असा होता. एक जुनं साम्राज्य मोडकळीला आलंय. त्यात धान्याची एक प्राचीन देवी आहे, आणि तिच्या नदीतून कमरेखाली मासे असलेले देखणे पुरुष बाहेर येतात, कशासाठी ते पटकथेत नव्हतं. दुसरीकडे तळघरात लपून प्रार्थना करणारे पहिलेवहिले ख्रिस्ती. त्यांच्यातल्या एका तरुणाचं देवीच्या पुजारणीवर मन जडतं. शेवटी त्याच्याच धर्माचा जमाव देवळात घुसून मूर्ती फोडतो. फुटलेल्या मूर्तीतून खरी देवी उठते, रडते, त्या तरुणाच्या कपाळावर ओल्या बोटाने क्रूस काढते आणि पाण्यात विरघळून जाते. थोडक्यात, कोणाचाही राग नको आणि सगळ्यांनी तिकीट काढावं.

मी इतिहासात एम. ए. केलंय. ठमी व्हायच्या आधी एका कॉलेजात तासावर शिकवत होते. दिग्दर्शकाला मी पहिल्याच भेटीत म्हटलं, की हे लोक तळघरात लपत होते तेव्हा देवळं फोडत नव्हते, आणि देवळं फोडायला लागले तेव्हा त्यांना लपायची गरज उरली नव्हती. मध्ये पाऊणशे-शंभर वर्षं गेली. तुमच्या सिनेमात एका आठवड्यात दोन्ही होतंय.

"ताई," तो हसून म्हणाला, "ही फॅन्टसी आहे."

पूर्वी लोक चुकले की 'चुकलं' म्हणायचे. आता फॅन्टसी म्हणतात.

हा दिग्दर्शक भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला लोकरी मफलर गुंडाळायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव मफलर. मफलरने देवीची तीन मातीची डोकी नापास केली होती. पहिलं फार सुंदर झालं. दुसरं आईसारखं दिसतं. तिसरं झोपलंय. "काका, मला तुच्छता हवी," तो म्हणाला. "ते तिला फोडतायत आणि ती त्यांच्याकडे तुच्छतेने बघतेय. जगातली सगळी तुच्छता तिच्या चेहऱ्यावर पाहिजे."

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याच्या व्हिडिओ कॉलबद्दल आईला सांगत होते. तो दुसऱ्या गावी नोकरीला, मी बाळंतपणाला इथे आलेली आणि अजून इथेच. कॉलवर त्याचं फक्त कपाळ दिसतं आणि वर फिरणारा पंखा. त्याही स्थितीत तो मला सांगत होता, की तू मुलीची उगाच फार काळजी करतेस.

बाबांचा घास हातात तसाच राहिला.

"सापडली," ते म्हणाले.

"काय?"

"तुच्छता. मी बाहेर हिंडतोय आणि ही घरातच आहे."

आई पाणी पिता पिता ठसकली. "माझ्याकडूनच उचललीय तिने. माझी आता वापरून वापरून झिजली, नाहीतर मीच बसले असते."

"तुमचं दोघांचं झालं असेल तर सांगा," मी म्हणाले.

"बघ, बघ!" बाबा माझ्या नाकाकडे बोट दाखवून आईला म्हणाले. "लोकांना वाटतं तुच्छता डोळ्यांत असते. डोळ्यांत काही नसतं. सगळं इथे असतं."

चेहऱ्याचा साचा द्यायला मी हो म्हटलं, कारण गोष्ट नुसत्या डोक्याची नव्हती. स्टुडिओचा मॅनेजर, तिशीतला, दोन फोनवाला, बाबांना म्हणाला होता, "काका, मूर्ती तुम्ही करा, पण फोडायचं कॉम्प्युटरवर होईल. धूळ नाही, धोका नाही, पाहिजे तेवढे तुकडे." बाबा त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणाले, एकदा खरी फोडू द्या. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, एकदा. एक मूर्ती, एक टेक. जमलं तर कारखाना चालू राहील. नाही जमलं तर यापुढे सगळं कॉम्प्युटरवर, आणि शेड रिकामी करून द्या, जनरेटरला जागा हवीय.

चौसष्टाव्या वर्षी बाबांना दुसरं कुठे कोण काही फोडायला देणार होतं?

तर मी डोळे मिटून बघत होते. लगदा गार होता. तो आधी कपाळावर आला, मग गालांवर, ओठांवर, शेवटी कानांच्या पुढे. नाकाच्या दोन भोकांपुरती जागा बाबांनी बोटाने राखली. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसल्या आणि जग लांब गेलं.

"वीस मिनिटं," लांबून बाबांचा आवाज आला. "श्वास नाकाने. काही वाटलं तर डावा हात वर."

आई ठमीला घेऊन शेजारच्या खोलीत होती. मध्ये प्लायवुडचं पातळ दार. मी मनातल्या मनात मफलर आणला, नवऱ्याचं कपाळ आणलं, मॅनेजरचे दोन फोन आणले. नाकपुडी छान वर राहिली. मी सेकंद मोजत होते. तीनशे साठपर्यंत आले आणि ठमी रडली.

तिची रडणी मला पाठ आहेत. भुकेचं असतं ते ठेच लागल्यासारखं थांबत थांबत येतं. झोपेचं लांबट असतं. अंगाखाली काही टोचलं तर एकदम वरच्या पट्टीत. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. हे आधी ओरडणं होतं, मग काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीमध्ये मूल श्वास घेतंय की नाही ते कळत नाही. मग पुन्हा ओरडणं.

माझा डावा हात वर गेला असणार, कारण बाबांनी तो धरून खाली ठेवला.

"आई आहे तिच्याजवळ," ते म्हणाले. "एकच पाकीट होतं गं. थोडं राहिलंय."

मी ते सगळं ओरबाडून काढू शकले असते. पाच सेकंदांचं काम. मी काढलं नाही. एका मफलरवाल्याच्या धान्यदेवीसाठी माझी मुलगी पलीकडे रडत होती आणि मी खुर्चीत बसून होते. पुढची चौदा मिनिटं मी मोजली नाहीत. नुसती ऐकली.

साचा सुटला तशी मी कागदासकट धावले. ठमी आईच्या खांद्यावर उसासत होती, नाक लाल, पापण्या चिकटलेल्या.

"काय झालं?"

"काही नाही गं. तो तिथला राक्षस दाखवला," आई भिंतीवरच्या दोन शिंगांच्या मुखवट्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं हसेल."

"सात महिन्यांचं मूल राक्षस बघून हसेल?"

"तू हसायचीस."

मी ठमीची बोटं मोजली, तळवे पाहिले, मानेच्या घड्या पाहिल्या. काही नव्हतं. मला पान्हा फुटून ब्लाउज भिजला होता आणि कानात अजून गुलाबी लगदा होता.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले तेव्हा साच्यातून निघालेला चेहरा टेबलावर होता. बाबा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे होते, आणि बराच वेळ उभे असावेत, कारण शेजारच्या चहावर साय आली होती.

मीही पाहिलं. माझंच नाक, माझीच हनुवटी. पण ओठ जरासे विलग झालेले, कपाळाच्या शिरा ताठ, आणि सगळा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा. पायरी चुकल्यावर माणूस जिना धरायला जातो, तसं काहीतरी त्याच्यावर होतं.

"ही तुच्छता नाही," मी म्हणाले.

"नाही."

"पुन्हा घ्यायचा का?"

"वेळ नाही." बाबांनी चहाची साय बोटाने बाजूला केली. "बघू, त्याला कळतंय का."

मफलर दुपारी आला. चेहऱ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, हातांची चौकट करून एक डोळा मिटून पाहिलं.

"हीच!" तो ओरडला. "हीच ती तुच्छता! काका, तुम्ही जीनियस आहात. आता हिचे डोळे उघडा, बस्स."

बाबा खाली जमिनीकडे बघत उभे राहिले. देव, धर्म आणि साम्राज्य यांच्यावर सिनेमा काढायला निघालेल्या माणसाला भेदरलेली बाई आणि तुच्छ लेखणारी बाई यांतला फरक कळत नव्हता. मी तिथेच टेबलापाशी उभी होते. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबांनी मातीने डोळे उघडले. बुबुळं समोर न ठेवता डावीकडे सरकवली. खुर्चीच्या डावीकडे ते प्लायवुडचं दार होतं.

मूर्ती सहा फुटांची, खालचा चौथरा चार फुटांचा, कॅमेऱ्यात वीस फुटांची दिसणार होती. आतून पोकळ, मागे आधाराला लोखंडी दांडा, प्लास्टरची जाडी बिस्किटाएवढी. आतल्या बाजूने बाबा करवतीच्या पात्याने खाचा पाडतात. कुठली खाच आधी उघडणार, कुठली नंतर, हे त्यांच्या डोक्यात एखाद्या गाण्यासारखं असतं. कारखान्याचं दार कायम उघडं असतं. पण शेवटचे दोन दिवस ते बंद होतं. डबा घेऊन गेले तर बाबांनी दारातूनच घेतला.

"काम नाजूक आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, हात कापत असतील आणि मला दाखवायचे नसतील. घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांचे हात कापत नाहीत. ते काहीतरी लपवतायत. लग्नाआधी सिगरेट ओढायचे तेव्हा असंच दार लावायचे."

शूटिंगच्या दिवशी आई आली नाही. "एकतीस वर्षांत मी एकदाही फुटताना बघायला गेले नाही," ती म्हणाली. "आता तर तुझं तोंड आहे त्यावर." मला मात्र बाबा आपणहून ये म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा. मी ठमीला छातीशी बांधून, तिच्या कानांवर दोन टोप्या चढवून गेले.

देऊळ पुढून संगमरवरी होतं आणि मागून फळ्या आणि खिळे. पन्नासेक एक्स्ट्रा होते. सकाळी तेच डोक्यावर पानांचे मुकुट घालून देवीपुढे धान्य उधळत होते. जेवणानंतर त्यांनीच अंगरखे उलटे करून घातले, आत राखाडी रंग होता, आणि गळ्यात लाकडी क्रूस अडकवले.

"आत्ता आपण कुणाच्या बाजूचे?" एकाने विचारलं.

"फोडणाऱ्यांच्या."

"सकाळी तर पाया पडत होतो."

"सकाळी जेवण नव्हतं मिळालं."

"ए, मुकुट काढ की! ख्रिस्ती झालास ना आता?"

"चिकटवलाय रे मेकअपवाल्याने. निघत नाही."

तो गृहस्थ शेवटपर्यंत मुकुटातच फिरला. कोणी हटकलं नाही. फॅन्टसी होती.

हातोडा मारायचं काम एका दांडग्या माणसाकडे होतं, त्याला सगळे पैलवान म्हणत. बाबा त्याला शेवटचं समजावत होते. "आधी डावा खांदा. मग कंबर, इथे. आणि तिसरा घाव हनुवटीखाली, अगदी हलका. जोर लावू नकोस. ती आपली आपण येईल."

"काका, अंगावर नाही ना येणार?"

"माझ्या कामात आजवर कुणाच्या अंगावर काही आलेलं नाही."

मॅनेजर एका खुर्चीत बसला होता, मांडीवर दोन्ही फोन. मी पार मागे, दाराजवळ उभी राहिले. काही झालंच तर तीन पावलांत बाहेर. चौथऱ्यावरून मूर्तीतली मी माझ्याकडेच बघत होते, म्हणजे तिच्या डावीकडे, दाराकडे.

मफलर ओरडला. जमाव घुसला. पैलवानाने खांद्यावर घाव घातला आणि अख्खा हात असा निखळला, की पन्नासातले दहा जण खरंच मागे सरले. दुसऱ्या घावाला कमरेचा घेर कोसळला, चौथऱ्याच्या पायऱ्यांवरून तुकडे उतरत आले आणि शेवटच्या पायरीशी थांबले. एकही उडाला नाही. मी नकळत मान डोलावली. मॅनेजरने फोनवरून नजर वर केली. आता लोखंडी दांड्यावर फक्त डोकं उरलं होतं, एक घाव उरला होता, आणि बाबांचा कारखाना त्या घावावर होता.

पैलवानाने हनुवटीखाली हलकेच मारलं.

तडा गेल्याचा आवाज आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्या रेघा उमटल्या. आणि चेहरा पडला नाही. तुकडे एकमेकांना धरून राहिले. पैलवानाने आणखी एक मारला. मग आणखी एक, जोरात. गाल बाहेर आला आणि लोंबायला लागला, गदागदा हलायला लागला, पण सुटेना. तुकड्यांच्या मधून पिवळट केसांसारखं काहीतरी बाहेर आलं होतं.

मुकुटवाला हसला. मग त्याच्या शेजारचा.

"कट! कट!" मफलर किंचाळला. "हे काय आहे?"

मला ते दुरूनच कळलं. तो काथ्या होता. मूर्ती टिकायला हवी असेल तर प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. मग ती पडली तरी फुटत नाही, नुसती तडकते आणि लोंबते. फोडायच्या कामात काथ्या घालत नाहीत. हे मला चौथीत असल्यापासून माहीत आहे. बाबांच्या हाताखाली आलेल्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे. कारखान्यात काथ्याचं पोतंसुद्धा नसायचं.

मॅनेजर उठून बाबांपाशी गेला. "काका, मी बोललो होतो. एकच टेक."

"हो."

"काय झालं?"

"काथ्या राहिला आत," बाबा म्हणाले. "माझी चूक."

"राहिला म्हणजे?"

"चूक माझी. बाकी कुणाची नाही."

मॅनेजरने एक सुस्कारा सोडला, तोही कसा, पाहुणे उठत नाहीत म्हणून यजमान सोडतो तसा. "बरं. सोमवारी ऑफिसात या. शेडची चावी घेऊन या." मग फोन कानाला लावला. "हां, कॉम्प्युटरवाल्यांना कळव. डोकं त्यांच्याकडे."

मफलर तणतणत दाराकडे आला, माझ्यापुढे थबकला, आणि चेहऱ्यावर हसू आणून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

त्याच्या मागे चौथऱ्यावर माझा गाल लोंबत होता.

"नसेल," मी म्हणाले.

चहा आला तशी माणसं बाहेर पांगली. कॅमेऱ्यांवर कापडं पडली, मोठे दिवे विझले. एक लाइटवाला तेवढा कोपऱ्यात वायर गुंडाळत बसला होता. बाबा शिडी घेऊन मूर्तीच्या मागे गेले. मीही गेले. डोकं मागून उघडं होतं, टरबुजाची अर्धी कवड असते तसं. आत मी पहिल्यांदाच पाहत होते.

पेन्सिलच्या रेघा होत्या. रेघांवर करवतीच्या खाचा होत्या, जिथे हव्या तिथे, हव्या तेवढ्या खोल. आणि त्या सगळ्यावर काथ्या होता. तो राहिला नव्हता. एकेक धागा सुटा करून, विंचरून, आडवा आणि उभा असा घातला होता. कपाळामागे दोन थर, ओठांमागे तीन.

माझा संताप झाला. "बाबा, काय केलंत हे? कारखाना गेला. कळत नव्हतं का तुम्हाला?"

"कळत होतं गं."

"मग?"

"खाचा पाडल्या पहिल्या दिवशी. सगळं बरोबर होतं." त्यांनी खिशातून पातळ पातं काढलं. "दुसऱ्या दिवशी झाकायला गेलो आणि पुढून एकदा बघितलं. तुझा हात मी खाली धरून ठेवला होता ना त्या दिवशी. ती पलीकडे रडत होती आणि मी हात धरून ठेवला होता." त्यांनी पात्याची धार अंगठ्याने पाहिली. "काथ्या आणायला बाजारात जावं लागलं."

"प्लास्टर आहे ते, बाबा."

"तेच म्हणतो मी. प्लास्टर आहे."

त्यांनी पातं आत घातलं आणि एकेक धागा कापायला सुरुवात केली. कापलेला धागा ओढून काढायचा, खिशात टाकायचा, पुढचा. घाई नव्हती. ठमी माझ्या छातीशी जागी झाली आणि बाबांच्या कोपराची हालचाल बघत राहिली. मला त्यांच्याविषयी जे नेहमी वाटतं ते वाटून घ्यायचा मी प्रयत्न केला. ते नीट येईना.

शेवटचा धागा निघाल्यावर बाबा शिडीवरून उतरले, पुढे आले. लोंबणारा गाल दोन्ही हातांनी वर उचलून त्यांनी जागेवर बसवला, अंगठ्याने कड दाबली. चेहरा पुन्हा पुरा झाला, नुसता रेघारेघांचा.

"तिला घेऊन जरा मागे हो," ते म्हणाले. "अजून. हां, तिथे."

मी ठमीच्या कानांवर हात धरले. बाबांनी पैलवानाचा हातोडा घेतला नाही. स्वतःची लाकडी मोगरी घेतली आणि हनुवटीखाली एकदा टेकवल्यासारखी मारली.

आधी हनुवटी आली. मग दोन्ही गाल, एकाच वेळी, बाहेरच्या बाजूला. मग नाक आणि डोळ्यांची पट्टी सरळ खाली. सगळ्यात शेवटी कपाळ. पाच तुकडे एकामागून एक चौथऱ्याच्या पायऱ्या उतरले आणि एकमेकांना न लागता थांबले. दांड्यावर काही उरलं नाही. कोपऱ्यातला लाइटवाला हातातली वायर तशीच धरून बघत होता.

"नीट फुटली, बाबा," मी म्हणाले.

बाबा तुकड्यांजवळ उकिडवे बसले. एक तुकडा उलटा केला, त्याची कड बोटाने तपासली, पुन्हा होता तसा ठेवला.

"कपाळ जरा उशिरा आलं," ते म्हणाले.